वाटल्या डाळीची घडणावळ

सराफा म्हटलं की बाहेरच्या माणसाला इंदूर आठवतं. दागिन्यांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जिलबी मांडणारा तो सराफा. आमचा ग्वाल्हेरचा सराफा बाजार तसा नाही. महाराज बाड्याकडून आत शिरलं की दोन्ही अंगांना कोरीव दगडी गवाक्षांची जुनी घरं, खाली सोन्याचांदीच्या पेढ्या, मागच्या गल्ल्यांत कारागिरांच्या भट्ट्या, आणि रात्री सगळीकडे कुलपं. या बाजाराच्या पाठच्या गल्लीत मी इतकी वर्षं खाण्याचा धंदा केला, आणि तोही अशा पदार्थाचा की जो काचेच्या कपाटात ठेवताच येत नाही. वाटली डाळ.

माझं माहेर साताऱ्याचं. 1986 साली लग्न होऊन इथे आले तेव्हा ग्वाल्हेरात मराठी माणसं असतील ती चार-दोन घरं, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात गल्लीच्या गल्ली मराठी बोलत होती, फक्त मधूनमधून हिंदी पेरून. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला, तो तळ कधी हललाच नाही आणि गावाचं नाव लष्कर पडलं, हे मला सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. शिलेदार, कारकून, भिक्षुक, गवई, जे जे शिंद्यांच्या मागे आले ते इथेच राहिले. सासर त्यातलं कारकुनी घराणं. घरात दीड दिवसाचा नव्हे, पूर्ण दहा दिवसांचा गणपती, आणि अनंत चतुर्दशीला वाटली डाळ हवीच. गणपती उठायच्या आधी डाळीचा नैवेद्य, आणि सागरतालावर विसर्जन झालं की पानावर नाही तर हातावर चमचाभर डाळ.

हे दोन्ही वाचायला एका ओळीत येतं. करणारीला मात्र त्यात चार-पाच तासांची दरी असते. आरती दुपारी चारला, तलावाकाठी पोचेपर्यंत अंधार. भाद्रपदात इथली हवा दमट आणि उकाड्याची. नारळ घातलेली, ओलसर राहिलेली डाळ चारला उत्तम आणि नऊला आंबूस. माझा धंदा उभा राहिला तो या चार-पाच तासांवर. चार माणसांना पुरेल एवढी डाळ कोणीही करतं. पाच किलोची डाळ रात्री नऊपर्यंत टिकवणं हे काम आहे, आणि त्याचे लोक पैसे देतात.

पैशांकडे वळण्याचं कारण सरळ होतं. ज्या गिरणीत यजमान नोकरीला होते ती बंद पडली. मुलं शाळेत, घर वडिलोपार्जित म्हणून भाडं नाही, पण बाकी सगळं होतंच. शेजारच्या दोन-तीन घरांत मी आधीपासून डाळ करून द्यायचे, हौस म्हणून. त्यातल्या एका बाईंनी सुचवलं की त्यांच्या मंडळाचीही करा, पैसे घ्या. सासूबाईंना हे पटेना. नैवेद्याचे पैसे कसे घ्यायचे? त्यांचा आक्षेप मला आजही चुकीचा वाटत नाही. चकली, शेव, चिवडा विकला तर तो फराळ. देवापुढे ठेवायची खिरापत विकायची म्हटलं की माझाही हात अडखळायचा. पहिल्या वर्षी मी बाजारभाव काढला, डाळ-तेल-गॅसचा हिशेब केला, आणि आकडा सांगायच्या वेळी गप्प बसले. जे दिलं ते घेतलं. उरलं काहीच नाही.

वाट सापडली ती सराफ्यातच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका वृद्ध सराफांची पेढी होती. त्यांच्या घरी मी सणासुदीला मदतीला जायचे. माझी अडचण ऐकून ते हसले. म्हणाले, "सोना ग्राहक का, हाथ हमारा. आप भी दाल उन्हीं की लीजिए, दाम हाथ का लीजिए." सोनार गिऱ्हाइकाच्या सोन्याचा दागिना करतो आणि घडणावळ घेतो. पुढच्या वर्षीपासून मी तेच केलं. डाळ, तेल, नारळ, मिरच्या, लिंबं, सगळं ज्याचं त्याने आणायचं. नैवेद्य त्यांचाच राहिला, त्यांच्याच पैशांचा. मी घेतली ती हाताची मजुरी, किलोमागे ठरलेली आणि आधी सांगितलेली. सासूबाईंचं समाधान झालं. माझंही झालं, आणि मुख्य म्हणजे आकडा सांगताना जीभ अडखळेनाशी झाली. बायकांनी घरून धंदा सुरू केला की पहिली गाठ इथेच बसते. पदार्थाचा भाव सांगता येतो, पण आपल्या हाताचा भाव सांगायला शिकावं लागतं.

या व्यवस्थेतून एक गंमत मात्र निघाली. सोनं घडवताना घटतं, डाळ उलटी वाढते. किलोभर हरभऱ्याची डाळ भिजली की दुपटीच्या आसपास जाते. एका गिऱ्हाइकाने किलो डाळ पोचवली आणि संध्याकाळी दोन किलोंवर भरलेला डबा उचलून तो संशयाने माझ्याकडे बघू लागला. दुसऱ्या कोणाची डाळ आमच्यात मिसळली का, असं त्याने विचारलंच. सराफ्यातला माणूस, वजन वाढलं तरी खोट शोधणार. त्याला तिथेच वाटीभर डाळ भिजवून दुसऱ्या दिवशी दाखवायला बोलावलं, तेव्हा कुठे पटलं.

आता भिजवण्याबद्दल, कारण माझ्या कामाला सगळ्यात मोठं वळण तिथे मिळालं.

सासूबाई डाळ रात्री भिजत घालत. मीही घालायचे. आमच्या शेजारी दिगंबर जैनांची घरं. त्यांचं दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीला सुरू होतं आणि अनंत चतुर्दशीला संपतं, म्हणजे आमचा गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते उठेपर्यंत. इकडे टाळ आणि आरत्या, तिकडे उपास आणि स्वाध्याय, मध्ये एक भिंत. चतुर्दशीला त्यांच्यातल्या पुष्कळांचा कडक उपास असतो. एका वर्षी शेजारच्या भाभी म्हणाल्या, पारण्याला तुमची डाळ करून द्याल का, आमच्या पद्धतीने. त्यांची पद्धत म्हणजे कंद नाही, म्हणून आलं वर्ज्य, चालेल ती सुंठ. पाणी गाळलेलं. दही सोबत द्यायचं नाही, कारण कच्चं दही आणि डाळ एकत्र त्यांना चालत नाही. आणि रात्री भिजवलेलं धान्य नको, भिजवायचं ते उजाडल्यावर.

शेवटची अट ऐकून मी मनात म्हटलं, आता डाळ कच्चट राहणार. पौर्णिमेच्या सकाळी सहाला डाळ भिजवली. त्या वेळी गल्लीत झारेकरी दुकानांपुढची धूळ झाडून गोळा करत असतात, सोन्याचा कण मिळेल या आशेने. त्यांचे झाडू चालू होते हे आठवतं. साडेदहाला डाळ नखाने दाबली, कट्‌कन दोन तुकडे. चार-साडेचार तास पुरले होते. आणि ती डाळ वाटल्यावर जशी रवाळ, मोकळी पडली तशी रात्रीची भिजवण कधी पडली नव्हती. रात्रभर पाण्यात राहिलेली डाळ फुगून मऊ होते, वाटताना तिचा लगदा होतो, लगद्यात पाणी अडकतं, आणि उकाड्यात ती लवकर आंबते. कमी भिजलेल्या डाळीत पाणीच कमी. म्हणून ती टिकते. शेजारणीच्या धर्माने घातलेली अट माझ्या स्वयंपाकाचं उत्तर निघाली. तेव्हापासून सगळ्यांचीच डाळ मी उजाडल्यावर भिजवते. सुंठीचं मात्र वेगळं ठेवलं. मराठी घरांना आल्याचा ओला झणका हवा असतो, तो सुंठीला येत नाही.

बाकीची कृती सोपी आहे आणि ती कोणापासून लपवण्यात अर्थ नाही. भिजलेली डाळ रोवळीत अर्धा तास निथळायची, वर कापड दाबून पाणी टिपायचं. पाण्याचा थेंब न घालता भरड वाटायची, मधूनमधून अर्धी डाळ अख्खी दिसली पाहिजे. किलोला पाव किलो तेल. हे ऐकून हल्लीच्या मुली डोळे मोठे करतात. तेल कमी केलं की डाळ कोरडी पडते आणि घशात तोठरा बसतो, मग ती लोक पाण्याबरोबर गिळतात. तेल शेंगदाण्याचं. इकडच्या घरांत सरसूचं तेल असतं, ते मी भाजीला आनंदाने वापरते, पण डाळीत त्याचा उग्रपणा नैवेद्याच्या वासावर चढतो. फोडणीत मोहरी, जिरं, भरपूर हिंग, हळद, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या. हिंग हाथरसचा. इथून लांब नाही आणि हिंगाचं ते जुनं गाव आहे. मग डाळ घालून मंद आचेवर परतत राहायचं. एक वाफ, झाकण काढून परतणं, पाण्याचा हलका हबका, पुन्हा वाफ. मीठ-साखर शेवटच्या वाफेआधी, लिंबू खाली उतरवल्यावर. नारळ आणि कोथिंबीर मी डब्यात घालून देत नाही, वेगळ्या पुडीत देते. वाटताना वरून पेरा. रात्री नऊपर्यंत टिकण्याचं निम्मं गुपित या पुडीत आहे.

दुसरं निम्मं म्हणजे कढईत हावरटपणा न करणं. पाच किलोंची मागणी आली तर पाच किलो एकदम टाकायचा मोह होतो. जाड थरात खालची डाळ करपते, मधली वाफेने गोळा होते, वरची कच्ची राहते. दोन किलोंपेक्षा जास्त भिजलेली डाळ मी एका कढईत घेत नाही. त्यामुळे चतुर्दशीला माझ्याकडे किती डाळ होऊ शकते याला मर्यादा आहे, आणि ती माझ्या उजव्या खांद्याची मर्यादा आहे. आज त्या खांद्याला शेक द्यावा लागतो. काही वर्षं मी ती मर्यादा पाळली नाही, कारण मुलाच्या फीची तारीख गणपतीच्या आसपासच यायची. त्याचं दुःख नाही. पण नव्याने सुरू करणाऱ्या मुलींना मी कृतीच्या आधी खांद्याचंच सांगते.

2000 च्या नोव्हेंबरात छत्तीसगड वेगळं झालं. विजेचे मोठे कारखाने तिकडे गेले आणि मध्य प्रदेशात विजेची बोंब सुरू झाली. पुढच्या दोन-तीन वर्षांतले गणपती ज्यांनी इथे काढले त्यांना आठवत असेल. 2003 ची निवडणूक रस्ते, वीज आणि पाण्यावरच लढली गेली. मिक्सर घरात आला म्हणून मी पाटा जिन्याखाली ढकलला होता. अशाच एका चतुर्दशीला सकाळी दहाला वीज गेली ती गेलीच. रोवळ्यांत आठ घरांची डाळ निथळत पडलेली. पाटा बाहेर काढला. गल्लीतल्या आणखी दोन घरांतून पाटे आले, बायका आल्या. टाकी न लावलेला पाटा गुळगुळीत झालेला, डाळ निसटायची. तरी दीडपर्यंत वाटून झालं. त्या दिवशी सगळ्यांचं एक मत पडलं की पाट्यावरच्या डाळीची चवच न्यारी. मला विचाराल तर चवीत फार फरक नव्हता. मिक्सर थांबत थांबत फिरवला, एका वेळी दोन मुठी डाळ घेतली, तर भरड तितकीच चांगली येते. त्या दिवशी चव लागली ती तीन पाट्यांभोवती झालेल्या गप्पांमुळे. पण पाटा पुन्हा जिन्याखाली गेला नाही, आणि दरवर्षी श्रावणात त्याला टाकी लावून ठेवू लागले.

चैत्रातली डाळ हा वेगळा प्रांत. तिला कैरी लागते, ती शिजवत नाहीत, फक्त वरून फोडणी. चैत्रगौर बसते शुद्ध तृतीयेला, आणि त्याच दिवशी सराफ्यातल्या मारवाडी घरांची गणगौर उठते. त्यांच्या बायका गौर बोळवून परत येतात, आमच्या बायका झोपाळ्यात बसवत असतात. तेव्हापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत हळदीकुंकवाचा हंगाम. एप्रिलमधला ग्वाल्हेरचा पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि कच्ची वाटलेली डाळ दोन तासांत आंबायला लागते. म्हणून आंबेडाळीची मागणी मी घेते, पण डाळ माझ्या घरून पाठवत नाही. ज्यांच्याकडे हळदीकुंकू त्यांच्याकडे जाते, त्यांच्या ओट्यावर वाटते, बायका यायच्या तासभर आधी कालवते. येण्याजाण्यात वेळ जातो, मजुरी मात्र तेवढीच. तरी मला हे काम जास्त आवडतं. भाद्रपदात मी कढईजवळ एकटी असते, चैत्रात घराघरांत फिरते. कोणाचे दागिने बँकेत गेले, कोणाच्या सुनेशी पटत नाही, कोणाचा मुलगा पुण्याला घर घेतोय, हे पन्ह्याच्या पेल्याबरोबर कळतं. ते इथे लिहिणार नाही.

एका मिठाईवाल्यांनी एकदा माझ्याकडे निरोप धाडला होता. रोजची दहा किलो डाळ हवी, नमकीनच्या शेजारी ठेवू, मराठी लोक नेतील. रोजचे पैसे म्हणजे मोठा आधार होता. घरात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी मीच नाही म्हटलं. डाळ संध्याकाळी उरली की तिचं काय करायचं याचं उत्तर त्यांच्याकडे होतं: फ्रिजमध्ये ठेवू, सकाळी गरम करू. गार होऊन पुन्हा तापलेली वाटली डाळ दगडी होते. चकली-चिवडा दुकानात गेला कारण तो डब्यात महिनाभर राहतो, आणि दुकानात गेला म्हणून घरातून उठला. डाळ दुकानात टिकत नाही म्हणून अजून घरोघरी होते. ती टिकाऊ नाही ही तिची खोट आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं. त्या दोन दिवसांनंतर वाटेनासं झालं.

2020 ची चतुर्दशी 1 सप्टेंबरला होती. मिरवणुका नाहीत, तलावावर गर्दी नाही, बहुतेकांनी गणपती घरी बादलीत नाहीतर टाक्यात विसर्जित केले. मला वाटलं, या वर्षी कोणी डाळ सांगणार नाही. मंडळांनी सांगितली नाहीच. पण घरांनी सांगितली, पाव किलो, अर्धा किलो. मुंबई-बंगळूरहून परत आलेली मुलं घरी होती आणि त्यांना डाळ हवी होती. डबे दारात ठेवून लोक लांब उभे राहायचे. त्याच वर्षी प्रथम मुलग्यांनी फोनवर कृती विचारली. तोवर विचारायच्या त्या मुली नाहीतर सुना. त्यातला एक आता दरवर्षी स्वतः करतो आणि वाफेचा फोटो पाठवून विचारतो, काकी, झाली का? फोटोवरून काय कळणार! मी त्याला सांगते, झारा उभा धर आणि डाळ सोड. मोकळी पडली तर झाली.

लष्करातली मराठी घरं कमी होत चालली आहेत, हे खरं आहे. वाडे विकले जातात, मुलं दक्षिणेकडे जातात. माझ्या यादीत आता निम्म्याच्या वर नावं अग्रवाल, जैन आणि कायस्थ घरांची आहेत. गणपती त्यांच्याकडेही बसू लागले, आणि गणपतीबरोबर डाळ गेली. पूर्वी ते "मराठियों वाली दाल" म्हणायचे, आता नुसतं "गणेशजी वाली दाल" म्हणतात. काहींना साखर नको असते, काहींना वर शेव भुरभुरायची असते. साखर कमी करते. शेवेला मात्र माझा विरोध आहे, पण ती त्यांनी त्यांच्या घरी नेऊन घातली तर माझं काही म्हणणं नाही.

यंदा ज्यांना डाळ हवी असेल त्यांनी ऋषिपंचमीपर्यंत सांगावं. डाळ दाल बाजारातून यंदाची घ्यावी, जुनी डाळ कितीही भिजवली तरी आतून कडक राहते. सामान चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी पोचवावं, सकाळी आलेलं मी घेणार नाही. आणि डबा रुंद तोंडाचा आणावा, झाकण सैल असलेला. घट्ट झाकणाच्या डब्यात गरम डाळीला घाम सुटतो आणि मग ती नऊपर्यंत टिकली नाही तर तक्रार माझ्याकडे आणू नये.